दोषाचे वजन

संगणकीय प्रणालीत दोष सापडणे आणि तो किती गंभीर आहे हे ठरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी असून, पहिलीपेक्षा दुसरी पुष्कळ अधिक वादग्रस्त असते. दोष आहे की नाही, हे बहुधा यंत्रासमोर बसून दाखवता येते. अमुक आज्ञा दिली, अमुक निकाल यायला हवा होता आणि प्रत्यक्षात भलताच आला, एवढे सिद्ध झाले की दोषाचे अस्तित्व मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. परंतु त्या दोषाला किरकोळ म्हणायचे की मोठा, याचे उत्तर यंत्र देत नाही, कारण ते उत्तर यंत्रात नसतेच. ते असते प्रणाली वापरणाऱ्या माणसाच्या कामात, त्याच्या गरजेत आणि त्याच्या होणाऱ्या नुकसानीत. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात दोषाच्या या मापाला तीव्रता किंवा ‘सिव्हिअरिटी’ म्हणतात. दोषाची लेखी नोंद, म्हणजे बग रिपोर्ट, ज्या क्षणी दाखल होते त्या क्षणापासून तिच्यावरील तीव्रतेच्या शिक्क्याविषयी चाचणी करणारा आणि प्रणाली बांधणारा यांच्यात मतभेद होऊ शकतो, आणि अनेकदा होतोच.

या मतभेदांपैकी बरेचसे तीव्रता आणि प्राधान्य यांची गल्लत झाल्यामुळे उद्भवतात. दोषामुळे वापरणाऱ्याचे किती बिघडते, हे तीव्रता सांगते. तो दोष कधी दुरुस्त करायचा, हे प्राधान्य सांगते. एखाद्या ॲपमधील पदवीच्या पात्रतेची तपासणी सर्वांनाच चुकीचे उत्तर देत असेल, तर तो दोष अत्यंत तीव्र होय. मात्र ती तपासणी वर्षातून एकदाच, मार्चमध्ये, वापरली जाणार असेल आणि दोष ऑगस्टमध्ये सापडला असेल, तर दुरुस्तीचे काम काही आठवडे पुढे ढकलण्यात गैर काही नाही. ‘हे दुरुस्त करायला फार वेळ लागेल’ हा युक्तिवाद म्हणूनच प्राधान्याच्या चर्चेत योग्य आणि तीव्रतेच्या चर्चेत पूर्णपणे गैरलागू ठरतो. दुरुस्तीचा खर्च बांधणाऱ्याला पडतो, दोषाची झळ वापरणाऱ्याला लागते, आणि एकाच्या खर्चावरून दुसऱ्याची झळ मोजता येत नाही.

तीव्रतेचा वाद कसा मांडावा आणि कसा सोडवावा, हे अभ्यासाचा भाग म्हणून शिकवले जाते असे एक ठळक उदाहरण सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात, म्हणजे एनयूएसमध्ये, आढळते. तेथील सीएस२१०३टी या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या विषयात विद्यार्थ्यांचे छोटे संघ ‘ॲड्रेसबुक लेव्हल ३’ नावाची, जावा भाषेत लिहिलेली आणि टंकलिखित आज्ञांवर चालणारी पत्तेवही पाया म्हणून घेतात आणि स्वतः निवडलेल्या वापरकर्त्यासाठी तिच्यावर वेगळे ॲप उभारतात. सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या संघाचे ॲप तपासतो, दोष नोंदवतो आणि प्रत्येक दोषावर तीव्रतेचा शिक्का मारतो. त्यानंतर बांधणारा संघ उत्तर देतो: दोष मान्य, दोष अमान्य, कक्षेबाहेरचा, पुन्हा घडवून आणता न येणारा, किंवा नोंदच अस्पष्ट, शिवाय दोष मान्य करूनही त्याची तीव्रता कमी असल्याचे म्हणण्याची मुभा त्या संघाला असते. तिसऱ्या टप्प्यात चाचणी करणारा ते उत्तर स्वीकारतो किंवा कारणे देऊन त्याला हरकत घेतो, आणि उरलेल्या वादांचा निवाडा अध्यापक करतात. दोष सापडल्याचे श्रेय एका बाजूला मिळते आणि दोष राहिल्याची किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागते, त्यामुळे दोन्ही पक्षांचे हितसंबंध उघड असतात. हे हितसंबंध नाहीतच असे न भासवता ते गृहीत धरून पद्धत आखली आहे, हा या व्यवस्थेचा खरा गुण म्हणावा लागेल.

या पद्धतीत तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत. केवळ दिसण्यापुरता असलेला, वापरात काडीचाही अडथळा न आणणारा दोष, उदाहरणार्थ माहितीपुस्तिकेतील एखादी शुद्धलेखनाची चूक, अतिनिम्न होय. नेहमीच्या वापरात सहसा आड न येणारा, क्वचितच प्रकटणारा आणि प्रकटला तरी जराशीच गैरसोय करणारा दोष निम्न होय. काही वापरकर्त्यांची अधूनमधून गैरसोय करणारा, परंतु ॲपचा वापर चालू ठेवू देणारा दोष मध्यम होय. बहुतेक वापरकर्त्यांना मोठी अडचण आणणारा, त्यांच्यासाठी ॲप जवळजवळ निरुपयोगी करणारा दोष उच्च होय. या व्याख्या वरवर पाहता सोप्या वाटतात, पण त्यांत दोन वेगळ्या राशी एकत्र गुंफलेल्या आहेत: दोष किती जणांना आणि किती वेळा भेटतो ही एक, आणि भेटल्यावर किती नुकसान करतो ही दुसरी. दोन्ही राशी एकाच दिशेने चढत असतील तोवर पायऱ्या नीट लागतात; त्या विरुद्ध दिशांना गेल्या की वादाला तोंड फुटते. विद्यार्थ्यांसाठी विषयनियोजन करणारे ॲप नमुन्यादाखल घेतले म्हणजे हे स्पष्ट होते.

विषयनियोजनाच्या ॲपचे काम सांगायला सोपे आणि करायला अवघड असते. पदवीसाठी ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, मिळवावे लागतात. काही विषय घेण्यापूर्वी दुसरे विषय उत्तीर्ण झालेले असावे लागतात आणि त्यांना पूर्वअट म्हणतात. काही विषय एकमेकांच्या जोडीनेच, एकाच सत्रात घ्यावे लागतात आणि त्यांना सहअट म्हणता येईल. एनयूएसच्या अनेक पदव्यांसाठी १६० श्रेयांकांचा हिशेब असतो आणि बहुतेक विषय ४ श्रेयांकांचे असतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून मुख्य विषय, गौण विषय आणि खुले वैकल्पिक विषय यांच्या श्रेयांकांची बेरीज विद्यार्थ्यांना आणि पालकांना करत बसावी लागते, त्यामुळे या हिशेबातील चुकीचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. एका विषयाची चूक म्हणजे कधीकधी एका सत्राची चूक असते.

पहिला नमुना सहअटीचा घेऊ. सीएस२१०३टी हा विषय सीएस२१०१ या संवादकौशल्याच्या विषयाबरोबर एकाच सत्रात घ्यायचा असतो. आता एखादे ॲप एका वेळी एकच विषय आराखड्यात घालू देते आणि घालतानाच अटींची तपासणी करते, असे समजावे. वापरकर्त्याने सीएस२१०३टी घालायचा प्रयत्न केला की ॲप सांगते, या सत्रात सीएस२१०१ नाही, सबब विषय घालता येणार नाही; म्हणून त्याने आधी सीएस२१०१ घालायला घेतला, तर त्याच्या जोडीचा विषय सत्रात नाही म्हणून तोही नाकारला जातो. प्रत्येक विषय दुसऱ्याची वाट पाहत दाराबाहेर उभा राहतो आणि आत कोणीच येत नाही. चाचणी करणारा या दोषावर ‘उच्च’ असा शिक्का मारतो. बांधणारा संघ दोष मान्य करतो, मात्र तो ‘मध्यम’ असल्याचे म्हणतो, आणि त्याचे कारण असे देतो की ॲप आपली माहिती जेसन स्वरूपाच्या साध्या फाइलमध्ये साठवते, ती फाइल उघडून दोन्ही विषय हाताने लिहिले की आराखडा तयार होतो, म्हणजे तात्पुरता उपाय उपलब्ध आहे.

तात्पुरत्या उपायाचा हा मुद्दा तीव्रतेच्या वादात वारंवार येतो आणि तो सरसकट खोटाही नसतो. ॲड्रेसबुक लेव्हल ३ च्या वापरपुस्तिकेतच एक ज्ञात त्रुटी नोंदवलेली आहे: ॲप दुसऱ्या पडद्यावर नेले आणि नंतर तो पडदा काढून टाकला, तर पुढच्या वेळी खिडकी पडद्याबाहेर उघडते, उपाय म्हणून प्रेफरन्सेस ही फाइल पुसून ॲप पुन्हा सुरू करायला सांगितले आहे. येथे उपाय सोपा आहे, पुस्तिकेत लिहिलेला आहे आणि त्याने विद्यार्थ्याची स्वतःची माहिती धोक्यात येत नाही. सहअटीच्या दोषावर सुचवलेला उपाय मात्र यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. तो कोठेही सांगितलेला नाही, जेसनची रचना ठाऊक असल्याखेरीज तो करता येत नाही, आणि स्वल्पविराम चुकला तरी संपूर्ण आराखडा वाचण्यापलीकडे जाण्याची भीती असते. ज्या वापरकर्त्यासाठी ॲप बांधले आहे त्याला जो उपाय स्वतःहून सुचणार नाही आणि झेपणार नाही, तो उपाय बांधणाऱ्याच्या सोयीचा असेल, वापरणाऱ्याच्या कामाचा नाही.

तरीही शिक्का ‘उच्च’ असावा की ‘मध्यम’, हे एवढ्याने ठरत नाही. त्यासाठी संघाने विकासपुस्तिकेत नोंदवलेले अपेक्षित वापरकर्त्याचे वर्णन पाहावे लागते. ॲप संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे असे तेथे म्हटले असेल, तर हे दोन विषय त्यांच्या वाटेवर येणारच, म्हणजे बहुतेक वापरकर्त्यांना पदवीचा पुरा आराखडा या ॲपमध्ये करताच येणार नाही, आणि ‘उच्च’ हा शिक्का रास्त ठरतो. ॲप विद्यापीठातील कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आहे असे म्हटले असेल, तर इतिहासाच्या किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण कदाचित कधीच येणार नाही, आणि ‘मध्यम’ म्हणणाऱ्या संघाचे पारडे जड होते. दोष तोच, आज्ञावली तीच, तरी वजन बदलले, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसलेला माणूस बदलला. तीव्रता हा दोषाचा अंगभूत गुण नसून दोष आणि वापरकर्ता यांच्यातील नाते आहे, हे एकदा पक्के झाले की वादातील निम्मी वाक्ये आपोआप गळून पडतात.

दुसरा नमुना अधिक शांत आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. एखादा विद्यार्थी एका विषयात अनुत्तीर्ण झाला आणि पुढच्या सत्रात तोच विषय पुन्हा घेऊन उत्तीर्ण झाला, अशी कल्पना करावी. त्याला त्या विषयाचे ४ श्रेयांक एकदाच मिळतात. परंतु ॲप आराखड्यातील प्रत्येक नोंदीचे श्रेयांक मिळवत जाते आणि दोन्ही वेळचे मिळून ८ धरते. पडद्यावर १६० दिसतात तेव्हा खरी बेरीज १५६ असते. ॲप बंद पडत नाही, लाल अक्षरांत इशारा येत नाही, आणि विद्यार्थी निश्चिंत होऊन शेवटच्या सत्रात एक विषय कमी घेतो. ही चूक उघडकीस येते ती पदवीच्या कागदपत्रांची छाननी होताना, म्हणजे ती सुधारण्याची वेळ निघून गेल्यावर.

येथे चाचणी करणारा ‘उच्च’ म्हणेल आणि संघ ‘निम्न’ म्हणेल, अशी शक्यता बरीच आहे. संघाचे म्हणणे असे की विषय पुन्हा घेणारे विद्यार्थी थोडे, त्यामुळे दोष क्वचितच प्रकटतो. व्याख्या नीट वाचल्या तर हे म्हणणे टिकत नाही. ‘निम्न’ या पायरीसाठी दोष दुर्मीळही असावा लागतो आणि त्याची गैरसोय क्षुल्लकही असावी लागते. या दोन अटी ‘आणि’ या शब्दाने जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक पूर्ण करून भागत नाही. पदवी एका सत्राने लांबणे हे कोणत्याही अर्थाने क्षुल्लक नव्हे. परंतु ‘उच्च’ या शिक्क्यासाठी बहुतेक वापरकर्ते बाधित व्हावे लागतात, आणि तेही येथे घडत नाही. बेरीज सर्वांना दिसते, सबब सर्वच बाधित आहेत असा युक्तिवाद कोणी करू लागला, तर तो ओढूनताणून केलेला ठरेल, कारण बहुतेकांची बेरीज बरोबरच असते. उरतो ‘मध्यम’, आणि लिखित नियमांप्रमाणे तोच योग्य निवाडा होय. तो देताना मनाला रुखरुख मात्र लागून राहते, कारण ‘अधूनमधून होणारी गैरसोय’ हे शब्द गेलेल्या सत्राला पुरत नाहीत. थोड्यांना भेटणारे पण भेटल्यावर उद्ध्वस्त करणारे दोष चार पायऱ्यांच्या शिडीवर मावत नाहीत, ही त्या शिडीची खरी मर्यादा आहे.

जुन्या अभियांत्रिकीने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये ‘मिल-पी-१६२९’ या कार्यपद्धतीत यंत्रे कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतात आणि त्या बिघाडांचे काय परिणाम होतात, याचा पद्धतशीर विचार मांडला. त्यातून पुढे ‘एफएमईए’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत विकसित झाली. तिच्या प्रचलित रूपात प्रत्येक बिघाडाला तीन गुण दिले जातात: परिणामाची तीव्रता, घडण्याची वारंवारता आणि वेळीच लक्षात येण्याची शक्यता. प्रत्येकाचे माप १ ते १० असते आणि तिन्हींचा गुणाकार करून बिघाडाचा धोका आकड्यात मांडला जातो. यातील तिसऱ्या मापात जो बिघाड सहजी लक्षात येत नाही त्याला जास्त गुण मिळतात. ॲप धाडकन बंद पडते तेव्हा वापरकर्त्याला निदान काहीतरी बिघडल्याचे कळते आणि तो दुसरी वाट धरतो. चुकीची बेरीज मात्र बरोबर बेरजेच्याच चेहऱ्याने समोर येते. सॉफ्टवेअरच्या अनेक शिड्यांमध्ये या तिसऱ्या मापाला जागा नसल्यामुळे गडबड करणारे दोष वरच्या पायरीवर आणि गप्प राहणारे दोष खालच्या पायरीवर जाऊन बसतात.

गप्प राहणाऱ्या दोषाच्या तीव्रतेवरून झालेला सर्वांत गाजलेला वाद इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपचा होय. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की ही चिप काही विशिष्ट भागाकार किंचित चुकीचे करते. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२० च्या आसपास यायला हवे, चिप १.३३३७३९ देत असे. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या, एवढेच कारण होते. दोषाच्या अस्तित्वाविषयी वाद नव्हता, होता तो वजनाविषयी. इंटेलच्या हिशेबाप्रमाणे सामान्य वापरकर्त्याला हा दोष २७,००० वर्षांतून एकदा भेटणार होता. आयबीएमने वेगळी गृहीतके धरून हीच शक्यता २४ दिवसांतून एकदा, अशी मांडली आणि ती चिप बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली. दोन्ही आकडे गणिताने काढलेले होते. फरक होता तो ‘सामान्य वापरकर्ता’ दिवसभरात कोणते आणि किती भागाकार करतो या कल्पनेत. शिवाय पेंटियमशी स्पर्धा करणाऱ्या पॉवरपीसी चिपमध्ये आयबीएमची भागीदारी होती, म्हणजे येथेही दोन्ही पक्ष हितसंबंधांपासून मुक्त नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात धरला.

वापरकर्त्याविषयीच्या कल्पनांवर वाद होतो म्हणून निवाडा सूत्रावर सोपवावा, असा विचार साहजिकच पुढे येतो. संगणकीय सुरक्षेच्या क्षेत्रात ‘सीव्हीएसएस’ नावाचे असे सूत्र आहे. ते त्रुटीला ० ते १० यांमधील गुण देते. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ त्रुटीमुळे असंख्य संकेतस्थळांच्या स्मृतीतील गुप्त माहिती, पासवर्ड आणि सांकेतिक किल्ल्यांसह, बाहेरच्याला वाचता येत होती. तरीही सूत्राच्या तेव्हाच्या आवृत्तीप्रमाणे तिला ५.० म्हणजे ‘मध्यम’ गुण मिळाले, कारण एका वेळी स्मृतीचा थोडासाच तुकडा वाचता येत असल्यामुळे गोपनीयतेची हानी ‘अंशतः’ या सदरात मोडत होती. पुढच्या आवृत्तीच्या हिशेबाने तीच त्रुटी ७.५ वर, म्हणजे ‘उच्च’ गटात गेली. सूत्रामुळे वाद मिटत नाही, तो सूत्राच्या सदरांच्या व्याख्येत जाऊन बसतो. मात्र तेथे तो उघड्यावर आणि सर्वांना एकदाच घालता येतो, हा फायदाही लहान नाही.

वादाचा आणखी एक प्रकार म्हणजे तीव्रतेऐवजी दोषाची जातच नाकारणे: हा दोष नव्हे, ही तर आम्ही न दिलेली सोय आहे, असे म्हणणे. कोणत्या नोंदीला दोष म्हणावे याविषयीचा गोंधळ किती खोल आहे, हे २०१३ मध्ये किम हर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस झेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. पाच मुक्तस्रोत प्रकल्पांमधील ७,००० हून अधिक नोंदी हाताने तपासल्यावर त्यांना दोष म्हणून दाखल झालेल्यांपैकी ३३.८ टक्के नोंदींचे वर्गीकरण चुकलेले आढळले. एनयूएसच्या पद्धतीत यासाठी ‘सुविधेतील उणीव’ असा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे: दिलेली सोय अपेक्षित वापरकर्त्याला नेहमीच्या कामात उपयोगी पडू नये इतकी अपुरी असेल, तर ती उणीव धरली जाते. विषय आराखड्यात घालता येतो पण एका सत्रातून दुसऱ्या सत्रात हलवता येत नाही, पुसून पुन्हा लिहावा लागतो, ही अशी उणीव होय. आराखड्यातील विषय रंगीत दिसत नाहीत ही तक्रार मात्र त्या वर्गात बसणे कठीण.

चांगली हरकत कशी असते, हे पुन्हा विषय घेण्याच्या नमुन्यावरून दाखवता येईल. ‘हा फार गंभीर दोष आहे, संघाने तो हलका दाखवला आहे’ या वाक्यात निवाडा करणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी हरकतीत असे लिहिलेले असावे: पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात अमुक विषय अनुत्तीर्ण म्हणून नोंदवला, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात तोच उत्तीर्ण म्हणून नोंदवला, एकूण श्रेयांक ४ दिसायला हवे होते, ८ दिसले, वापरपुस्तिकेत ॲप ‘पदवीची पूर्तता तपासते’ असे म्हटले असल्यामुळे वापरकर्ता या आकड्यावर विसंबणे स्वाभाविक आहे, दोष दुर्मीळ असल्याचे मान्य, परंतु व्याख्येतील क्षुल्लक गैरसोयीची अट पूर्ण होत नाही, म्हणून ‘निम्न’ अमान्य आणि ‘मध्यम’ मान्य. या हरकतीत प्रतिपक्षाचा खरा मुद्दा कबूल केलेला आहे, स्वतःचा पहिला शिक्का एक पायरी खाली आणलेला आहे, आणि म्हणूनच ती खोडून काढणे अवघड आहे. ‘ही त्रुटी आम्ही पुस्तिकेत आधीच नमूद केली होती’ असे उत्तर संघाने दिले, तर त्याचाही विचार याच रीतीने करता येतो: इशारा दिल्याने दोष लक्षात येण्याची शक्यता वाढते, ज्याच्या नजरेतून इशारा सुटला त्याचे नुकसान मात्र तेवढेच राहते, आणि पन्नास पानांच्या पुस्तिकेच्या शेवटी दिलेला इशारा शेवटच्या सत्राच्या विषयनोंदणीच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांसमोर असतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अशी हरकत वाचणाऱ्या संघाला कधीकधी शिक्क्याहून अधिक उपयोगी काही हाती लागते. बेरजेची आज्ञावली सुधारायला वेळ लागणार असेल, तरी १६० या आकड्याखाली तो कोणकोणत्या विषयांचा मिळून झाला आहे याची यादी दाखवणे त्या मानाने हलके काम आहे. यादीत एकाच विषयाचे नाव दोनदा दिसले की विद्यार्थी स्वतःच थबकतो, आणि तेव्हा विषयनोंदणीला अजून काही दिवस बाकी असतात.